आमच्या गाण्यातली कुकरची शिट्टी

आम्हा तीन भावंडांचा बँड आहे. जात्यावरच्या ओव्या आम्ही गिटार-ड्रमवर गातो. नवा अल्बम सातपूरच्या घरातच रेकॉर्ड केला. खिडक्या बंद, पंखा बंद, घामानं जीव नकोसा झालेला. माहेरच्या ओवीचं सगळ्यात हळवं कडवं मी गात होते आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी आईवर अशी भडकले की विचारू नका. दादा मात्र हेडफोन न काढताच म्हणाला, "अगं, बरोबर समेवर आलीय. राहू दे." धाकटीही त्याच्याच बाजूची. शिट्टी राहिली.

अल्बम सगळ्यांच्या मोबाईलवर पोचला आणि आम्ही दौऱ्यावर निघालो. लासलगावला आई पहिल्यांदाच कार्यक्रमाला आली, पार मागच्या रांगेत बसली. स्टेजवर कुठला आलाय कुकर? ते कडवं आलं, मी डोळे मिटले आणि नेमक्या त्याच जागी अख्ख्या मंडपानं तोंडानं शिट्टी वाजवली. मला हसू आवरेना. गाणं थांबलं.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "अजून दोन होऊ द्या. डाळ कच्ची राहील."