श्रावणातली बिर्याणी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, मारामाऱ्या पाहिल्या, पण त्या शनिवारी जेवढा राग आला तेवढा एखाद्या सुरीवाल्याचाही कधी आला नाही.

मी रत्नागिरीकडचा, कोकणी मुसलमान. बहारीनच्या पोलीस दलात दुभाष्या म्हणून लागलो आणि पुढे तपासाच्या कामात गेलो. हिंदी किंवा मराठी बोलणाऱ्याचं प्रकरण आलं की ते माझ्याकडे यायचं. सौदीला जोडणारा पूल तेव्हा अजून सुरू व्हायचा होता. शुक्रवारच्या सुट्टीला लोक गाड्या काढून शहराबाहेर जात. कोणी पुलाचं काम बघायला, कोणी पश्चिम किनाऱ्यावर झल्लाकला पोहायला, कोणी दक्षिणेच्या वाळवंटात एकट्या उभ्या असलेल्या जुन्या झाडाखाली फोटो काढायला. थंडीत हे सगळं ठीक आहे. ऑगस्टमध्ये शहाणा माणूस तिकडे फिरकत नाही. पण मुंबईच्या हेड ऑफिसचे पाहुणे आले की शहाणपणाला कोण विचारतो?

शनिवारी सकाळची हजेरी संपते न संपते तोच एका कंपनीचा मॅनेजर ठाण्यात आला. मुंबईचा मराठी माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीच्या किल्ल्या खेळवत. त्याची तक्रार साधी होती. काल पाहुण्यांना घेऊन सहल काढली, झल्लाकच्या हॉटेलात जेवण झालं, संध्याकाळी सगळे परतले आणि रात्री ड्रायव्हर कंपनीची जीप घेऊन पळाला.

"ह्या लोकांना कितीही द्या, साहेब, शेवटी जातीवर जातात," तो म्हणाला.

हवालदाराने फरारी म्हणून नोंद केली. वाचकांना इथे एक गोष्ट सांगायला हवी. बेपत्ता माणसाला शोधायला पोलीस बाहेर पडतात. फरारी माणसाचं नाव विमानतळाला आणि बंदराला कळवतात आणि तो सापडेल तेव्हा सापडेल म्हणून गप्प बसतात. एका शब्दाने माणसाचा शोध थांबतो. मॅनेजरला हे पक्कं ठाऊक होतं.

तो गेला आणि थोड्याच वेळात एक बाई आली. वसईची ख्रिश्चन, हॉस्पिटलात नर्स, ड्युटीचा पांढरा ड्रेस अंगावर. तिचा नवरा त्याच कंपनीत कारकून होता आणि कालच्या सहलीला गेला होता.

"सर, माझं नाव नका घेऊ," ती म्हणाली. "काल पिकनिकवरून आल्यापासून ह्यांनी घास घेतला नाय. विचारलं तर म्हणतात, खलास, आपलं काम नाय ते. आणि रात्रभर मोरीत जाऊन पाण्याचा नळ सोडतात, बंद करतात. काहीतरी वाईट झालंय."

तिला याहून जास्त काही माहीत नव्हतं. पण बायकोला नवऱ्याचं न जेवणं जेवढं कळतं तेवढं आम्हाला दहा साक्षीदारांकडून कळत नाही. मी टोपी उचलली आणि ड्रायव्हरच्या खोलीवर गेलो.

एका खोलीत सहा खाटा. त्याच्या खाटेखाली अर्धी भरलेली बॅग होती आणि वर नीट गुंडाळून ठेवलेली रंगीत दिव्यांची माळ. गणपतीला गावी जायची रजा मंजूर झाली होती. खोलीतला गुहागरकडचा एक सुतार मला हसलाच.

"तो नाय पळायचा, साहेब. माळ ठेवून पळेल? दोन वर्षांनी चाललाय घरी. श्रावण इतका कडक पाळतो की आमच्या मच्छीच्या भांड्याला हात लावत नाय. त्याची पातेली बघा, वेगळी."

कोपऱ्यात दोन लहान पातेली उपडी घातलेली होती. श्रावण काय असतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या मोहल्ल्यातल्या मासळीवाल्यांचा धंदा त्या महिन्यात बसायचा आणि माझी आई शेजारच्या घरी पाठवायच्या ताटात फक्त भाजी-भाकरी ठेवायची.

मी मॅनेजरला परत ठाण्यात बोलावून घेतलं. चौकशीचा माझा एक साधा नियम होता. खोटं बोलणाऱ्याला अडवायचं नाही, त्याला बोलू द्यायचं. खरं बोलणारा थांबतो, आठवतो, चुकतो. खोटं बोलणारा सजावट करतो.

"दुपारी ड्रायव्हर तुमच्याबरोबर होता?"

"ऑफ कोर्स. मागच्या टेबलावर बसला होता."

"जेवला?"

"जेवला म्हणजे काय! मटण बिर्याणीवर ताव मारला. दोनदा मागून घेतली. मीच वेटरला म्हटलं, दे बाबा त्याला."

मी पेन खाली ठेवलं.

"मिस्टर, हा श्रावण चालू आहे. हे मला, एका मुसलमानाला, माहीत आहे. तुम्ही मुंबईत कुठे वाढलात?"

त्याच्या हातातल्या किल्ल्या थांबल्या. चार वर्षं ज्या माणसाने त्याची गाडी चालवली, पोरं शाळेत सोडली, बायकोचा बाजार उचलला, त्याच्या ताटात काय असतं हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. तो "मग व्हेज असेल, माझं लक्ष नव्हतं" वगैरे पुटपुटला. मी त्याला तिथेच बसवलं आणि कारकुनाला आणायला गाडी पाठवली.

कारकून आला तोच रडत. "सर, माझा व्हिसा त्यांच्या हातात आहे," एवढंच तो सारखं म्हणत होता. मी म्हटलं, "तुमचा व्हिसा उद्या बघू. तो माणूस आज कुठे आहे?"

मग सगळं बाहेर आलं. निर्जन किनारा आणि शिंपले बघायची पाहुण्यांची हौस. मॅनेजरने दोन्ही गाड्या झल्लाकच्या पुढे, परवान्याशिवाय जायला बंदी असलेल्या भागात घातल्या. तिथे सबखा आहे, म्हणजे वरून कडक आणि खाली चिखल अशी खारट जमीन. जीप तिच्यात रुतली. ऊन चढत होतं, पाहुणे कुरकुरायला लागले. मॅनेजरने सगळ्यांना दुसऱ्या गाडीत कोंबलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "क्रेन पाठवतो. गाडी सोडून हललास तर गणपतीची सुट्टी विसर."

प्यायच्या पाण्याची बर्फाची पेटीही पाहुण्यांबरोबर गेली.

क्रेन पाठवली असती तर बंदी असलेल्या भागात शिरल्याचं उघड झालं असतं. म्हणून पाठवलीच नाही. येईल चालत, असं ठरवून साहेब हॉटेलात बिर्याणी खायला बसले. सकाळपर्यंत ड्रायव्हर आला नाही, तेव्हा स्वतःची कातडी वाचवायला त्याला चोर ठरवलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

माझा हात मॅनेजरच्या कॉलरपर्यंत गेला होता. आमचे बहारीनी इन्स्पेक्टर मध्ये आले आणि म्हणाले, "यल्ला, चला, आधी तो माणूस." त्यांचं बरोबर होतं.

झल्लाकचा एक जुना शिपाई आमच्या पुढे चालला, कारण कुठे पाय द्यायचा ते त्याला कळत होतं. जीप दुरून दिसली. ड्रायव्हर तिच्याखाली, सावलीत, ओल्या चिखलात अंग दाबून पडला होता. शेजारी रेडिएटरसाठी ठेवलेला पाण्याचा डबा रिकामा. त्या गंजक्या, पेट्रोलचा वास मारणाऱ्या पाण्याने त्याला जगवलं होतं. ओठ फुटलेले, डोळे उघडेनात. मी मराठीत हाक मारली तेव्हा तो कसाबसा बोलला.

"साहेब, मी गाडी सोडली नाय."

आम्ही त्याला जीपखालून अलगद बाहेर घेतलं. मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

दोन दिवसांनी तो हॉस्पिटलात शुद्धीवर होता, पण कागदावर अजून फरारीच. तक्रार मागे घ्यायला तक्रारदाराची सही लागते. मी मॅनेजरला कोठडीतून काढून वॉर्डात नेलं आणि खाटेशेजारी उभ्याने सही करायला लावली. त्याच वेळी जेवणाची गाडी आली. अशक्त पेशंट म्हणून कोंबडीचं सूप होतं. हाताला सुई लावलेली, मान उचलायची ताकद नाही, तरी ड्रायव्हरने वाटी हळूच बाजूला सरकवली.

"सिस्टर, श्रावण आहे. नुसता भात असेल तर द्या."

मी मॅनेजरला म्हटलं, "बघा. नीट बघा त्या वाटीत." त्याने बघितलं नाही. तो भिंतीकडे बघत राहिला. पुढे त्याला थोडी शिक्षा झाली, मग देशाबाहेर पाठवला. माझ्या हिशेबाने ती कमीच होती. ड्रायव्हर मात्र गणपतीच्या आधी घरी गेला, माळ घेऊन.

या प्रकरणाने मला एक प्रश्न शिकवला. कोणी मालक "माझा माणूस पळाला" म्हणून ठाण्यात आला की नोंद करण्याआधी मी त्याला विचारायचो, "तो काय जेवतो?" उत्तर आलं नाही की मी पेन खाली ठेवायचो आणि आधी त्या माणसाला शोधायला गाडी बाहेर काढायचो.