पुन्हा निवडलं तरी रुबिनाच

रुबिनाचा फोन आला तेव्हा मी भवानीनगरच्या बाजारात होते. "सिस्टर सेलीन गेल्या गं," एवढंच ती म्हणाली. माझ्यामागे भाजीवाले ओरडत होते, तेच तिला ऐकू जात असणार. आता याला महिना होईल. शोकसभेत सगळ्यांनी सिस्टरांना प्रेमळ म्हटलं, शांत म्हटलं. प्रेमळ होत्या, कबूल. शांत? मुळीच नाही. हे खोटं मी चालू देणार नाही, म्हणून लिहिते आहे.

सिस्टर आमच्या मिशनच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. मूळच्या वसईच्या, आवाज खणखणीत. वर्गात ख्रिस्ती मुलं मोजकीच. बाकी आम्ही शेतकऱ्यांची, कारखान्यातल्या कामगारांची, दुकानदारांची पोरं. मी लासुर्ण्याची, आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती. रुबिनाच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान. सकाळच्या प्रार्थनेला कुणी हात जोडायचं, कुणी ओंजळ धरायचं, कुणी छातीवर क्रूस काढायचं. सिस्टर म्हणायच्या, "देवाला सगळे हात कळतात. फक्त चुळबुळ करू नका."

चौथीत असताना नाताळच्या नाटकात त्यांनी रुबिनाला येशूची आई मारिया केलं आणि मला मेंढपाळ. रुबिनाचं पाठांतर पक्कं, एवढंच कारण. पण गावात कुजबुज सुरू झाली. आधी एक ख्रिस्ती पालक आले. "आमच्या मुली असताना मारियाचं काम मुसलमान मुलीला?" मग रुबिनाचे चुलते तणतणत आले. आणि एका दुपारी शाळा सुटताना काही तरुण फाटकाशी येऊन उभे राहिले. "पोरं बाटवायचं बंद करा, न्हायतर नाटक होऊ देणार न्हाय!"

लेकीला न्यायला आलेल्या रुबिनाच्या वडिलांनी हात जोडले. "सिस्टर, पोरीला काढा नाटकातनं. मला हितंच दुकान चालवायचं हाय."

सिस्टर रुबिनाकडे वळल्या. "तुला करायचंय का?" रुबिना रडत होती, पण "व्हय" म्हणाली. मग वडिलांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

सिस्टर फाटकापर्यंत चालत गेल्या. "मारियाला हिच्या घरी मरियम म्हणून मानतात, आम्हीही मानतो. पोरगी तयार आहे, बापाची ना नाही. ज्यांना राग आलाय त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवते. आधी बघा, मग बोला."

माझे आजोबा, आबा, मला न्यायला आले होते. एकानं त्यांना डिवचलं, "आबा, नात किरिस्ताव करायला सोडली व्हय?"

"आरं, त्यांचा देव जलमला तवा पयला सांगावा मेंढक्यालाच गेला म्हनं," आबा म्हणाले. "मग ते सोंग आमच्या पोरीनं न्हाय घ्यायचं तर कुणी? घोंगडं माझं देतो. कोकरूबी देतो."

नाटक झालं. पहिल्या रांगेतल्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्याच राहिल्या, पण फाटकाशी आलेल्यांपैकी दोघं येऊन बसले, हाताची घडी घालून. मध्येच कोकरू रुबिनाची ओढणी चघळायला लागलं. तिनं ती सोडवून घेतली आणि वाक्य न तोडता पुढं म्हटलं. तेव्हा त्यांतल्या एकाची घडी सुटली... टाळी त्यानंच आधी वाजवली.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. जूनमध्ये काही पालकांनी मुलं दुसऱ्या शाळेत घातली. पुढं सिस्टरांची बदली झाली. निघताना त्या म्हणाल्या, "पुन्हा निवडायला सांगितलं, तरी रुबिनालाच निवडेन."

मागच्या आठवड्यात आम्ही दोघी पुण्याला गेलो, वयस्क सिस्टर राहतात त्या घरी. सिस्टर सेलीनच्या खोलीत लोखंडी खाट, एक खिडकी, भिंतीवर क्रूस. तिथली तरुण सिस्टर सांगत होती, "दार कधी लावूच द्यायच्या नाहीत. थंडीत आम्ही लोटलं की काठीनं ढकलून उघडायच्या. म्हणायच्या, कुणी आलं तर परत जाईल."

निघताना ती दार ओढून घ्यायला लागली. रुबिनानं मध्ये हात घातला.

"आता आत कुणी नाहीये," ती सिस्टर हळूच म्हणाली.

"नसू दे," रुबिना म्हणाली. "दार उघडंच राहील."