भिंतीची नोकरी

बिरुदेवच्या घराण्यात आजवर कुणी सलग सहा महिने एका जागी राहिलेलं नव्हतं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर मंगळवेढ्याकडच्या वस्तीवर परतायचं. त्याचा जन्म वाटेवर झाला, चुलत्याला साप वाटेवर चावला, आणि बिरुदेवची बाराखडी तीन गावांच्या शाळांत मिळून पुरी झाली. बारावीनंतर बरोबरीची पोरं पोलीस व्हायचं म्हणून धावायला लागली, तेव्हा हा म्हणाला, "मला जेलचा शिपाई व्हायचंय." पोरं फिदीफिदी हसली. पोलिसाचा रुबाब तरी असतो, जेलचा शिपाई म्हणजे कैद्याबरोबर तोही आतच! पण याला तेच हवं होतं. ठरलेली ड्यूटी, राहायला सरकारी खोली आणि चारी बाजूंनी भिंत. पाल ठोकण्यात आणि उपटण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला भिंतीचं काय कौतुक असतं हे पक्क्या घरात जन्मलेल्यांना सांगून कळायचं नाही.

कारागृह शिपाई व्हायला काय लागतं, हे बिरुदेवइतकं साऱ्या सोलापुरात कुणाला पाठ नसेल. आधी उंची आणि छाती, मग धावणं आणि गोळाफेक, मग लेखी परीक्षा, आणि शेवटी कागदपत्रं नि चारित्र्य. सोलापूरच्या सात रस्ता चौकाजवळ खोली घेऊन तो याच्या मागे हात धुऊन लागला. पहाटे विजापूर रोडवर धावायचा, दिवसा टॉवेलच्या गोदामात गठ्ठे उचलायचा, संध्याकाळी कडक भाकरी नि शेंगाचटणी पुढ्यात घेऊन पुस्तक उघडायचा.

खोलीत त्याच्याबरोबर दुधनीचा नंदीश होता. किराणा दुकानदाराचा पोरगा. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत सारखाच आळशी. त्याला पहाटे उठवायचं काम बिरुदेवचं, गणितं समजावून सांगायचं कामही बिरुदेवचंच. नंदीशची उंची केसभर कमी भरायची. माणूस झोपून उठला की थोडा लांब असतो आणि उभं राहून राहून आखूड होतो, हे बिरुदेवनं कुठूनसं ऐकलं होतं. मोजमापाच्या दिवशी त्यानं या गड्याला टेम्पोत आडवं घालून नेलं आणि रांगेतसुद्धा मातीत लोळवत ठेवलं. पोरांनी टर उडवली, पण नंदीश पट्टीखाली चपखल बसला.

निकाल लागला तेव्हा नंदीश आत आणि त्याला शिकवणारा एका मार्कानं बाहेर! जगाची रीतच अशी आडमुठी आहे. बिरुदेवनं स्वतःच्या हातानं पेढे वाटले आणि मग दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ट्रेनिंग संपल्यावर नंदीशची नेमणूक सोलापूरच्याच जेलवर झाली. "अण्णा, पुढच्या भरतीत तुझा नंबर. मग आपण एकाच पाळीत ड्यूटी मागून घेऊ," असं तो दर भेटीत म्हणायचा, आणि ते मनापासून म्हणायचा.

पुढची भरती यायला सरकारनं वर्षंच्या वर्षं घालवली. वयाच्या हिशोबानं बिरुदेवची ती शेवटची संधी होती. आता मात्र त्यानं कसर ठेवली नाही. यादीत नाव आलं. बाप, सिद्धनाथआबा, मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून मंगळवेढ्याच्या स्टँडवर त्याला भेटायला आला. त्याचा पहिला प्रश्न पगाराचा नव्हता.

"भित किती उंच हाय रं?"

"लई उंच, आबा."

"मग झालं. आता तुला कोन उठ म्हननार न्हाय."

राहिलं होतं फक्त चारित्र्य, आणि माशी नेमकी तिथं शिंकली.

सोलापूरला येण्याआधी, बिरुदेव एकोणीस वर्षांचा असताना चुलत्याबरोबर मेंढरं राखत होता. मेंढरं शिवयोगी नावाच्या शेतकऱ्याच्या ज्वारीत शिरली, शिव्यागाळी झाली, चुलत्यानं काठी घातली आणि शिवयोगीचं मनगट मोडलं. बिरुदेव चुलत्याला कंबरेला धरून मागं ओढत होता. पण फिर्यादीत कंबर धरणाऱ्याचा वेगळा रकाना नसतो. दोघांचीही नावं पडली.

पुढं गाव बसलं. बिरोबाच्या देवळात आबानं घराच्या वतीनं आणि शिवयोगीनं आपल्या वतीनं भंडारा, म्हणजे देवाची हळद, उचलला. देव गावचा, जात कुणाची का असेना, तिथं उचललेला भंडारा सगळ्यांना बांधतो. भंडारा उचलला म्हणजे भांडण देवाच्या पायाशी ठेवलं, ते मेलं, पुन्हा त्याचा शब्द तोंडातून काढायचा नाही. काढला तर घराचं वाटोळं. शिवयोगीनं ठाण्यात जाऊन "मिटलं" म्हणून सांगितलं, हवालदारानं मान हलवली. गावाच्या लेखी विषय संपला. कोर्टाकडून एक-दोनदा समन्स आलं, तेही "मिटलंय" म्हणूनच परत गेलं. चुलता पुढं साप चावून मेला. कागद मात्र जिवंत राहिला, कारण सरकारी कागदाला बिरोबा ओळखत नाही आणि कागद बिरोबाला.

चारित्र्याच्या अर्जात सरळ विचारलं होतं, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय? नंदीशनं फोनवर बजावलं, "अण्णा, बारीकसारीक काय असलं तरी लिही बघ. किरकोळ मारामारी साहेब माफ करतेत. लपवलेलं माफ करत नाहीत." बिरुदेवच्या ओठावर आलं होतं, पण त्यानं गिळलं. मग त्यानं आबाला विचारलं.

आबा भडकला. "भंडारा उचललाय न्हवं? त्याचा सबुद काडतोस व्हय? जे मेलं ते मेलं!"

"पर आबा, खोटं ठरंल की."

"देवाम्होरं मिटलं ते खरं का कागदावरचं खरं?"

बापाचं वय झालेलं, आणि अख्ख्या मुलखात त्याच्या शब्दाला किंमत. त्याची शपथ मोडून नोकरी घ्यायची म्हणजे बापाच्या डोक्यावर पाय देऊन भिंत चढायची. बिरुदेवनं 'नाही' लिहिलं. ते लिहिताना आपण खोटं लिहितोय असं त्याला वाटत होतं, आणि खरं लिहितोय असंही वाटत होतं. अशा माणसाला शहाणा म्हणावं की खुळा, ज्यानं त्यानं ठरवावं. मला तर त्याचा रागच येतो, आणि त्याहून जास्त कीव येते.

पडताळणीत सगळं बाहेर आलं. गुन्हा दाखल, कोर्टात गैरहजर, वॉरंट निघालेलं. निवड रद्द झाली. कचेरीत साहेबानं चढ्या आवाजात नाही, शांतपणे सांगितलं, "ज्याच्या हातात कैद्यांच्या किल्ल्या द्यायच्या, तो पहिल्याच प्रश्नाला खोटं बोलतो." आबा शेजारी उभा होता. आयुष्यात त्याच्या घराला कुणी खोटं म्हटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर कुणीतरी सुचवलं की केस निकाली काढा, मग फेरविचाराचा अर्ज करा. बुडत्याला तेवढं पुरलं. वकिलानं सांगितलं, आपणहून कोर्टात हजर व्हा, फिर्यादीला आणा, तो तक्रार नाही म्हणाला की झालं. शिवयोगी बिचारा आला. चांगला माणूस, सकाळच्या पहिल्या एसटीनं आला.

न्यायाधीशांनी विचारलं, "त्या दिवशी काय घडलं?"

शिवयोगीनं नुसते हात जोडले.

"या माणसानं तुम्हाला मारलं होतं का नव्हतं?"

"साहेब, मला त्याचा शब्द काढता येत नाही. भंडारा उचललाय."

वकिलानं कपाळावर हात मारला. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. होही नाही, नाहीही नाही. लिहिणारा तरी काय लिहिणार? इतकी वर्षं फरार राहिलेला आरोपी आणि तोंड न उघडणारा फिर्यादी बघून न्यायाधीशांना वाटायचं तेच वाटलं, की साक्षीदाराला धाक घातलाय. जामिनाचं सोमवारी बघू म्हणाले आणि बिरुदेवला जेलमध्ये पाठवलं. ज्यानं त्याला सोडवायला पहिली एसटी पकडली, त्याच्याच इमानदारीनं त्याला आत घातलं.

जेलच्या दारात झडतीला नंदीश होता. त्यानं वर बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. शेजारी वरिष्ठ उभे होते.

"नाव?" नंदीशनं विचारलं.

बिरुदेवनं सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. पुढं काय करायचं ते त्याला पाठच होतं. सांगायच्या आधीच त्यानं पट्टा काढून ठेवला, चपला उलट्या केल्या, हात वर केले. नंदीश एकच खिसा पुन्हा पुन्हा चाचपत राहिला, म्हणून बिरुदेवची झडती इतरांपेक्षा जास्त वेळ चालली.

सोमवारी जामीन झाला. वकिलानं कोर्टाच्या पायरीवरच आबाला सांगून टाकलं, "केस सुटेल हो. पण नोकरीचं विसरा. रद्द केलीय ती मारामारीसाठी नाही, लपवल्यासाठी. लपवण्यातून निर्दोष सोडणारं कोर्ट नसतं." आबा जाऊन जेलसमोर लिंबाच्या झाडाखाली बसून राहिला.

संध्याकाळी बिरुदेव बाहेर आला. बापलेक चालायला लागले तोच मागून नंदीश आला. ड्यूटी संपली होती, पण अंगावर वर्दी होती. त्याचे डोळे भरलेले होते.

"अण्णा, चहा घेऊ या. आबा, तुम्हीपण चला."

बिरुदेव थांबला. हळू आवाजात म्हणाला, "जा तू. सुटलेल्या कैद्याशी संबंध ठेवायचा न्हाय तुमी. कुनी बघितलं तर तुजी नोकरी जाईल."

"अण्णा—"

"जा म्हनलं ना."

नंदीश तिथंच उभा राहिला. बिरुदेवनं बापाचा हात धरला आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागला. बरंच पुढं गेल्यावर आबानं मागं वळून बघितलं.

"त्यो आपला नंदीश न्हवं का रं?"

"न्हाय आबा," बिरुदेव म्हणाला. "त्यो जेलचा शिपाई हाय."