कुस्कोतला कुकर

तेव्हा आम्ही जर्मनीत, कार्ल्सरूहेत राहत होतो. सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांचं जेवणच तुटलं. बाबांना आम्ही पुण्याहून आमच्याकडे घेऊन आलो, तर इथेही तेच. चार घास वरणभात, की हात धुवायला उठले. मी समोर बसून मनातल्या मनात चरफडायची. रागावणार तरी कोणावर?

त्यात आमची पेरूची सहल ठरलेली. निघायच्या काही आठवडे आधी नवऱ्याचा उरलाउब, म्हणजे रजा, रद्द झाला, ऑफिसात काहीतरी बोंबललं होतं. मी म्हटलं, मी जाणारच, आणि बाबांना घेऊन जाणार. त्याने आधी कपाळाला हात लावला, मग बाबांसाठी पाठीवरची सॅक आणून दिली. अट एकच. बाबा जेवले का, ते रोज फोन करून सांगायचं.

कुस्को डोंगरातलं जुनं शहर. इतक्या उंचावर की साधा जिना चढला तरी धाप लागते. मी गल्लोगल्ली थांबून फोटो काढायची. बाबा माकडटोपी घालून मागून यायचे, बघायचे, बोलायचे काही नाहीत. फोनवर माझं उत्तर ठरलेलं, थोडंसं जेवले.

एका दुपारी मी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात भात लावला. मेतकूट होतंच बरोबर. पण मेला भात शिजेल तर शपथ! पाणी घाला, झाकण ठेवा, कणी तशीच. मी वैतागून डाव आपटला. बाबा दारात उभे होते. बॉयलरच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस तो.

"असा नाही शिजायचा," ते म्हणाले. "इथे हवेचा दाब कमी. पाणी उकळतं, पण हवं तेवढं तापत नाही. कुकर पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तांदूळ, मेतकूट आणि तूप पिशवीत घेऊन कुकर शोधायला निघालो, बाबा पुढे आणि मी मागे. वाटेत इंकांच्या भिंती लागल्या. दोन दगडांच्या मध्ये बाबा नख घालून बघत. नख शिरलं नाही की खूश होऊन माझ्याकडे वळत. शेवटी बाजारात पोचलो. स्पॅनिश कोणाला येत होतं? बाबांनी सरळ ओठांचा चंबू करून कुकरची शिट्टी वाजवली. सगळा बाजार हसायला लागला. सूप विकणाऱ्या एका बाईने मात्र ओळखलं. तिने टेबलाखालून आपला पोचे पडलेला कुकर काढला आणि चुलीवर जागा करून दिली.

त्या कुकरला शिट्टी नव्हतीच, नुसतं फुसफुसणं. बाबा कान लावून बसले आणि बरोबर वेळेला त्यांनी हात वर केला. भात मऊ झाला होता. मी त्यावर मेतकूट आणि तूप घातलं. सूपवाल्या बाईलाही वाढलं, तिने बोटं चाटली.

"तुझी सासू असती तर म्हणाली असती, एवढ्या लांब जाऊन खाल्लंत काय, तर भात," बाबा म्हणाले आणि हसले. त्या गेल्यापासून बाबांनी त्यांचा विषय पहिल्यांदाच काढला होता. मला रडू येत होतं आणि हसूही.

तिथून थेट फोनच्या दुकानात गेलो. नवऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारायच्या आत बाबांनी रिसीव्हर माझ्या हातून घेतला.

"अरे, तुझी बायको भात फार कमी लावते. परत मागितला तर कुकर रिकामा."

 मग बाबांनी फोन माझ्याकडे दिला.

"बाबांनी मागून घेतला?" नवऱ्याने विचारलं.

"दोनदा," मी म्हटलं.