आईच्या नावातला ळ

दिघ्याला आमच्या चाळीत साताऱ्याकडच्या लोकांचं मंडळ होतं आणि मंडळाची स्वतःची भांडी होती. घरातलं कुणी गेलं की वर्षश्राद्धाला मंडळाला एक मोठं पातेलं द्यायचं आणि त्याच्या काठावर गेलेल्या माणसाचं नाव ठोकायचं, अशी पद्धत. मग चाळीतल्या लग्नांचा भात त्या पातेल्यांत शिजायचा.

नावं ठोकायचे माझे वडील. ते कंपनीत फिटर होते. तिथले पंच, म्हणजे धातूवर अक्षर उमटवायचे ठसे, इंग्रजी अक्षरांचे, म्हणून मराठी अक्षरांचे पोलादी पंच त्यांनी घरी कानशीने घासून स्वतः बनवले होते. तेही लागतील तेवढेच. कुणाच्या नावात नवं अक्षर निघालं की एक पंच वाढायचा.

ळ मात्र त्यांच्याकडे नव्हता, आणि आईच्या नावात ळ होता.

"माझा ळ हुईस्तवर मी काय जात न्हाई," आई म्हणायची.

"ळ लय किचकट. दोन पोटं पोखरावी लागत्यात," वडील म्हणायचे.

"मग नकाच करू."

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. नव्वदनंतर मी अक्षरकला शिकायला मुंबईला जाऊ लागले. धातूच्या पत्र्यावर अक्षरं ठोकून त्याचा छाप काढा, असं काम एकदा मिळालं. मला आईचंच नाव हवं होतं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने असल्या बोलण्याला भ्यायचं नसतं, एवढी दीडशहाणी मी तेव्हा होते. आईचं पोट अधूनमधून दुखायचं, आम्ही त्याला पित्त म्हणायचो. वडील पहिल्या पाळीला गेले की मी त्यांची कानस घेऊन बसायचे. आठ दिवसांत ळ झाला.

ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नाव ठोकलं, रोलरने काळी शाई फिरवली, वर पातळ कागद ठेवून वाटीच्या बुडाने घासला. कागद उचलला तर काळ्यात पांढरं नाव, पण उलटं. पत्र्यावर सरळ ठोकलेलं कागदावर उलटं येणार, ही साधी गोष्ट मी हौसेपायी विसरले होते. मी कागद चुरगळणार, तेवढ्यात आईने तो काढून घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि मागच्या बाजूने एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. ळवर येऊन ती थांबली.

"केलास व्हय," म्हणाली. मग हसली. "झाली बाई माझी सोय."

वडिलांनी संध्याकाळी पंच पाहिला. "कुनी सांगितला हुता ह्यो उपद्व्याप?"

"असू द्या वो. पोरीनं हौसंनं केलाय."

त्यांनी कानस उचलून आपल्या पेटीत ठेवली. सहा महिन्यांत आई गेली. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनंच होतं. ते मला पटतं. तरी माझ्या हातून घडलं असं वाटायचं राहत नाही.

वर्षश्राद्धाच्या आदल्या सकाळी वडील नवं पातेलं घेऊन बसले. "ळ दे," म्हणाले. मी तो तांदळाच्या डब्यात खाली दडवला होता, तो काढून दिला. पंचावर घाव एकच घालायचा असतो. दुसरा घातला तर अक्षर दुहेरी उमटतं. वडिलांचा घाव कधी चुकत नसे. बाकीची अक्षरं त्यांनी खणखणीत ठोकली. ळवर हातोडी वर गेली, थांबली आणि अगदी हलकी पडली.

"दादा, पुसट आलाय," मी वडिलांना म्हणाले.

"ऱ्हाऊ दे."

माझं चुकलं, हे मला तेव्हा म्हणायचं होतं. मी पातेलं नुसतं सरळ करून ठेवलं. त्यांनी पंच धोतराच्या फडक्याने पुसून माझ्याच हातात ठेवला.

तीन-चार लग्नसराया गेल्या. शेजारच्या मुलीच्या हळदीला मी बायकांबरोबर भांडी घासायला बसले, आणि आईचं पातेलं माझ्याच पुढ्यात आलं. राखेच्या हाताने काठ चाचपला. बाकीची अक्षरं बोटाला लागत होती. ळच्या जागी घासून घासून नुसता गुळगुळीत पत्रा उरला होता. ळ गेला होता, आणि आई काही परत आली नव्हती.

मला रडू आवरेना. बायकांनी पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, मैत्रीण सासरी जाणार म्हणून रडते आहे.