सातव्या पानावरची ओळ

माझ्या एका पेपरच्या सातव्या पानावर एक ओळ आहे. 'अशा प्रत्येक आकृतीत किमान एक बिंदू असा असतोच, की तो काढून टाकला तरी उरलेल्या आकृतीचा गुण जात नाही. हे उघड आहे.' गणिताचं नाव काढताच ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनी घाबरू नये. मी बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचं गणित करते, आणि त्या ओळीत जे लिहिलंय तेवढाच तिचा अर्थ आहे. पुढची चौदा पानं त्या ओळीवर उभी आहेत. माझी तोक्योतली नोकरीही तिच्यावरच उभी होती. इथल्या एका विद्यापीठात मी मुदतीच्या करारावर संशोधक आहे. दर तीन वर्षांनी करार संपतो आणि तो वाढवायचा की मला नारळ द्यायचा, हे त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ठरतं.

करार संपायच्या अशाच एका वर्षी मे महिन्याच्या शेवटी सांगलीकडची एक मुलगी सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे आली. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष नुकतंच संपलेलं. पदवीच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधनाची चव मिळावी म्हणून ज्या योजना असतात, त्यातल्या एकीत तिची निवड झाली होती. तिच्या कॉलेजातून अशी निवड झालेली ती पहिलीच. निघताना प्राचार्यांनी हार घालून तिचा फोटो काढला होता, पण तो तिने मला दाखवला तो मी दोनदा विचारल्यावर. आमच्या प्राध्यापकांनी तिला माझ्या हवाली केलं. "तुमच्याच भाषेत बोलता येईल तिला," एवढंच म्हणाले. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं की एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षांचे फॉर्म कधी निघतात आणि आपण गणितातच पुढे जावं का. मी म्हटलं, फॉर्म सप्टेंबरात निघतात, ऑक्टोबरात बंद होतात, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सहा आठवड्यांनी देईन.

वाचायला मी तिला माझाच पेपर दिला. का, तर तो कुणीतरी वाचावा म्हणून. छापून चार वर्षं झाली होती आणि वाचला असं मला एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. नवरा तोक्योशेजारच्या कावासाकी शहरातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो, त्याने पहिलं पान वाचून "छान टाइप झालंय" असा अभिप्राय दिला होता.

आमच्याकडे सेमिनारला झेमी म्हणतात. आठवड्यातून एकदा विद्यार्थ्याने फळ्यापाशी उभं राहायचं, हातात वही नाही, कागद नाही, आणि वाचलेलं सगळं ओळीओळीने स्वतः सिद्ध करून दाखवायचं. प्राध्यापक समोर डोळे मिटून बसतात. ते झोपलेत असं नवख्याला वाटतं, आणि तो तिथेच फसतो. पहिल्या दिवशी त्यांनी तिला एकच नियम सांगितला: जे तुला स्वतःला पटलेलं नाही, ते फळ्यावर लिहायचं नाही. इथली मुलं हा नियम ऐकतात आणि आपापल्या सोयीने वाकवतात. मीही वाकवत आलेय. हिने मात्र तो अक्षरशः घेतला.

ती तशीच होती. एका रविवारी मी तिला निशी-कसाईला घरी जेवायला बोलावलं. थालीपीठ खाऊन झाल्यावर ती बाटलीबंद थंड चहाची रिकामी बाटली हातात धरून कचऱ्याच्या डब्यांपुढे उभी राहिली. बाटलीवरचा कागद वेगळा, झाकण वेगळं, बाटली वेगळी, हे तिला गेस्टहाउसवाल्यांनी शिकवलं होतं. झाकणाखालची ती प्लॅस्टिकची कडी कुठे टाकायची, हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या चौथीतल्या मुलीला तिने विचारलं. मुलगी जपानीत काहीतरी बोलून हसत सुटली.

"अगं, टाक कुठेही. एवढं कोण बघतंय?" मी म्हटलं.

"आणि बघितलं तर, ताई?" ती म्हणाली. मॅडम म्हणू नकोस असं मी बजावल्यापासून ती मला ताई म्हणायची. शेवटी ती कडी कात्रीने कापून काढली, तेव्हाच तिला बरं वाटलं.

पहिल्या दोन झेमींमध्ये ती सहा पानं अशी काही बोलली की मला माझाच पेपर नव्याने आवडायला लागला. तिसऱ्या झेमीला ती सातव्या पानावर आली. आकृती काढली, माझी ओळ उच्चारली आणि खडू हातात धरून थांबली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. इथे झेमीत विद्यार्थी गप्प झाला तर कुणी त्याला हात देत नाही, थांबतात. पंचेचाळीस मिनिटं ती पाठमोरी उभी होती आणि माझे कान गरम झाले होते. आमच्याकडची मुलगी, माझ्या शिफारशीने माझाच पेपर वाचतेय आणि एका 'उघड' ओळीवर अडकलीये. शेवटी प्राध्यापकांनी डोळे उघडले. "पुढच्या आठवड्यात इथूनच," म्हणाले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात, "ती ओळ तुम्ही एकदा फळ्यावर लिहून दाखवाल का?"

मला वाटलं, ते तिची लाज राखतायत. "सोपी आहे, मी तिला समजावते," असं म्हणून मी विषय संपवला.

समजावलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तिला टेबलाशी बसवून चार लहान आकृत्या काढल्या, प्रत्येकीतला एकेक बिंदू खोडला आणि म्हटलं, "बघ, टिकतोय ना गुण? झालं."

"या चारांत टिकतोय, ताई. पण सगळ्यांत टिकेल हे कशावरून?"

"कारण ते उघड आहे."

"मी परत बघते. माझंच कायतरी चुकतंय."

चौथ्या झेमीतही ती तिथेच थांबली. आता मला राग यायला लागला होता. त्या रागात काळजी किती आणि माझी स्वतःची नाचक्की किती, याचा निवाडा मी आजही करू शकत नाही. त्या संध्याकाळी तोझाई लाइनच्या स्टेशनकडे आम्ही बरोबर चालत होतो. ती म्हणाली, ताई, रोज तीच ओळ घेऊन बसते, पण जमत नाही. आणि मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत समंजस वाटणारं वाक्य बोलले. "हे बघ, सगळ्यांनाच गणित होत नसतं. त्यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही."

ती "हो ताई" म्हणाली. मग तिने मला विचारलं की सुपरमार्केट किती वाजता बंद होतं.

मी पदवीला असताना अशाच एका उन्हाळी शिबिराला गेले होते. महिनाभर रडतखडत चाललं होतं. एका दुपारी मी फळ्यावर काहीतरी खरडत असताना एक वयस्कर सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे. पुढे जा." चार शब्द. त्यांना ते संध्याकाळपर्यंतही आठवले नसतील. मी त्या चार शब्दांवर एम.एस्सी. केलं, पीएच.डी. केली, घरच्यांशी भांडून इथवर आले. पदवीच्या वयात तसं कुणीतरी म्हणावं लागतं, हे मला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक असून मी तिला जे म्हटलं, ते म्हटलं.

शेवटच्या आठवड्यात तिने व्याख्या आणि जुने निष्कर्ष यांवर वीस मिनिटांचं बेतशीर भाषण दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सातव्या पानाचा उल्लेख तिने केला नाही आणि मीही केला नाही. गणितात पुढे जावं का, त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिने पुन्हा मागितलं नाही. जायच्या दिवशी कागदांचा जाडजूड गठ्ठा घेऊन ती माझ्या खोलीत आली. "ताई, हे कुठल्या कचऱ्यात टाकायचं?"

"दे इकडे. घरच्या रद्दीत बांधून टाकते."

आमच्या भागात रद्दी दोरीने बांधून ठरलेल्या वारी सकाळी खाली ठेवावी लागते. ती गेल्यानंतरच्या आठवड्यात मी सकाळी स्वयंपाकघरात फरशीवर बसून गठ्ठा बांधत होते, तेव्हा मधले कागद निसटले. एका कागदावर अकरा बिंदूंची आकृती होती. खाली तिच्या गोल अक्षरात अकरा ओळी. 'पहिला काढला: गुण गेला. दुसरा काढला: गुण गेला.' असं करत अकराव्यापर्यंत. त्याखाली, 'चूक आहे. परत.' पुढच्या कागदावर तीच आकृती, मोठी, हिरव्या पेनने. पुन्हा अकरा ओळी, पुन्हा 'चूक. परत.' तिसऱ्यावर लाल पेन. चौथ्या कागदावर तारीख होती, आमच्या स्टेशनच्या वाटेवरच्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्यावर अकराव्या ओळीखाली 'परत' नव्हतं. 'मला हे होत नाही', एवढंच होतं.

माझ्या मुलीच्या शाळेच्या पेन्सिलीने मी तिथेच फरशीवर अकरा बिंदू काढून बघितले. वीस मिनिटं लागली. गुण अकराही वेळा गेला. माझी ओळ खोटी होती. चार वर्षांपूर्वी मी नऊ बिंदूंपर्यंतच्या आकृत्या तपासल्या होत्या आणि पुढे कंटाळा केला होता. एवढाच त्या 'उघड'चा इतिहास. जे मी केलं नव्हतं ते एका विशीतल्या मुलीने चार वेळा केलं होतं, चारही वेळा बरोबर केलं होतं, आणि माझ्या छापील ओळीवर विश्वास ठेवून चारही वेळा स्वतःला चूक ठरवलं होतं.

ते चार कागद मी टेबलाच्या खणात ठेवले आणि बाकीची रद्दी खाली नेऊन ठेवली.

आता मी त्याच दिवशी तिला कळवलं असतं, तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. मी स्वतःला सांगितलं की आधी पुरावा दुरुस्त करू, मग कळवू. जुलै गेला, ऑगस्ट गेला. ओळ काही केल्या उभी राहीना, आणि तिच्यावरची चौदा पानंही. सप्टेंबरात कराराचा अर्ज भरला, त्यात तोच पेपर सर्वांत वर होता. त्याच महिन्यात तिकडे एम.एस्सी.चे फॉर्म निघाले असणार, हे मला माहीत होतं. तारखा मीच तिला सांगितल्या होत्या. रोज वाटायचं, आज लिहू. पण तिला लिहायचं तर पेपर खोटा आहे हेही लिहावं लागणार, ते तिच्याकडून कुठेतरी जाणार, मुलाखत तोंडावर आलेली. मी भित्री आहे. दुसरा शब्द शोधून बघितला, सापडला नाही. ऑक्टोबरात मुलाखत झाली. नोव्हेंबरात करार वाढला. नवऱ्याने केक आणला, मुलीने मेणबत्ती लावली, आणि मी तो केक खाल्ला.

डिसेंबरात मी चार कागद घेऊन प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी ते शांतपणे पाहिले, चौथ्यावरची मराठी ओळ बोटाने दाखवून तिचा अर्थ विचारला. मी सांगितला.

"ती जिथे उभी होती, तिथेच ना हे?"

"हो."

"पेपर मागे घेता येतो," ते म्हणाले. मग, "तिला कळवलंत?"

मी नाही म्हटलं. कधी सापडलं, हे त्यांनी विचारलं नाही. चौथ्या कागदावरची तारीख त्यांना वाचता येत होती, आणि ती जुलैतच परत गेली हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कागद नीट जुळवून दोन्ही हातांनी मला परत दिले. त्यानंतर मला त्यांच्यासमोर नीट बसता आलेलं नाही.

त्याच दुपारी मी तिला लिहिलं. सगळं लिहिलं, खणात ठेवलेल्या पाच महिन्यांसकट. चारही कागदांचे फोटो जोडले. तू बरोबर होतीस, मी चूक होते, असं दोनदा लिहिलं. पेपर मागे घेतेय, ही आकृती तुझ्या नावाने छापायला हवी, आणि तू गणितातच पुढे जा, असंही लिहिलं.

दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. ते माझ्याकडे आहे तसं देते.

'ताई, नमस्कार. तुमची मेल वाचून खूप आनंद झाला. घरी सगळे बरे आहेत ना? छोटी कशी आहे? मी एम.एस्सी.चे फॉर्म भरले नाहीत. कॅम्पसमधून पुण्याच्या एका कंपनीत निवड झाली आहे, जूनमध्ये जॉइन व्हायचं आहे. आई-बाबा खूश आहेत. तुम्ही तेव्हा स्पष्ट सांगितलंत ते फार बरं झालं, नाहीतर मी उगाच त्याच्या मागे लागून राहिले असते. आकृतीचं वाचलं. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही असं लिहिलंत, हे मला कळतं. पण ताई, घाईने पेपर मागे घेऊ नका. एकदा परत नीट तपासून बघा. मी ते चार वेळा केलं होतं, आणि चारही वेळा माझं चुकलं होतं.'