सोनाकाकीच्या पायांवरचे डाग

ज्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे, त्या घरी बाकीच्यांचं जाणं बंद होई आणि शेजारच्या सोनाकाकीचं सुरू होई. मी लग्न होऊन कोरीटला आले, तेव्हा माझ्या धाकट्या दिराला देवी आल्या होत्या आणि ही एकटीदुकटी विधवा त्याच्या उशाशी बसून पाल्यानं वारा घालत होती. तिच्या तोंडभर देवीचे वण. मी दारातच थबकले, तर म्हणाली, "मन्हा तोंडवर देवीनी सही करेल शे. आते मले कसानी भीती?"

देवी एकदा येऊन गेली की त्या माणसाकडे पुन्हा फिरकत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक. त्याच जोरावर काकी घरोघर बसे. चुलीवर फोडणीचा वास आला, तर माझ्या सासूबाईंसारख्या सासूबाईंनाही झापायची. देवीला तो खपत नाही म्हणे.

पाच-सहा वर्षांनी ऐन चैत्रात काकीच्याच पायांवर लालजांभळे डाग उठले. अंगात कणकण, अन्न जाईना. झालं! गल्लीच्या जिभेला हाड कुठलं? देवी दुसऱ्यांदा आली म्हणजे कोपूनच आली, काकीनं कुठंतरी पथ्य मोडलं असणार. जिनं यांची पोरं मरणाच्या दारातून ओढून आणली, तिच्या उंबऱ्यावर भाकर ठेवून बायका मागे फिरू लागल्या. सासूबाईसुद्धा. मला त्यांचा फार राग आला. मी पाणी द्यायला आत गेले, तर काकीच मला हाकलायची. दुखण्यापेक्षा तो कोपच तिला खात होता. आपलं कुठं चुकलं, हे ती एकेक घर आठवून शोधत पडे.

शेवटी मी हट्टानं नवऱ्याला पाठवून नंदुरबारहून डॉक्टर आणवला. त्यानं डाग दाबून पाहिले, पोट चाचपलं. देवी नव्हे, म्हणाला. पोटात वाईट गाठ आहे, तिच्यापायी कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजून रक्त झिरपतंय. शिवल्यानं कुणाला लागायचं नाही. आता उपाय उरला नाही, हे त्यानं नवऱ्याला हळूच सांगितलं; पण काकीचे कान तिखट.

"मंग देवी मन्हावर कोपनी नही ना, डाक्टरसाहेब?"

"नाही, आजी."

काकीनं हात जोडले. इतक्या दिवसांनी तिच्या तोंडावर सुख दिसलं, आणि मला मात्र हुंदका आवरेना. सासूबाई बाहेर ओट्यावर उभ्या होत्या. काकीनं त्यांना हाक मारली.

"आयकं ना? मन्ही चूक नही. आते तरी मन्हा जोडे ईसन बठ."

सासूबाई आत तिच्याजवळ आल्या. तिचे डागाळलेले पाय मांडीवर घेऊन बसल्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी काकी गेली, तेव्हाही ते पाय त्यांच्याच मांडीवर होते.